'निर्णय आजच, याच सभागृहात' : मालमत्ता गुंतवणुकीच्या वर्गांतील दबावविक्री

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सांगली-मिरजेत, आणि आता साताऱ्यातही, मालमत्तेत गुंतवणूक कशी करावी हे शिकवणाऱ्या 'मोफत' किंवा नव्व्याण्णव रुपयांच्या शिबिरांच्या जाहिराती गेल्या काही काळात फार वाढल्या आहेत. मोबाइलवर त्या दिसतातच. पण वृत्तपत्रात घालून येणाऱ्या हस्तपत्रकांतून आणि, स्पष्ट लिहितो याबद्दल क्षमा असावी, आपल्या पुरवणीतूनही त्या आमच्या घरात येतात. या वर्गांत काय शिकवले जाते याच्या दर्जाबद्दल मतभेद असू शकतात, आणि काही शिक्षक माफक शुल्कात प्रामाणिकपणे शिकवतात हेही मला ठाऊक आहे. माझी तक्रार शिकवण्याबद्दल नसून विकण्याच्या पद्धतीबद्दल आहे. पन्नास हजारांपासून काही लाखांपर्यंतचा खर्च माणसाला घरी जाऊन, कागद वाचून, चार जणांना विचारून ठरवू द्यायचा नाही, तो सभागृहातच आणि त्याच तासाभरात करून घ्यायचा, या एका हेतूने हे कार्यक्रम रचलेले असतात; आणि एकदा पैसे भरल्यावर दोन दिवसांनी मन बदलले तर बाहेर पडण्याचा सरळ हक्क आपला कायदा अशा ग्राहकाला देत नाही.

मी एका बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो आहे. आमच्या शेजारच्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याला अशा शिबिराचे निमंत्रण आले आणि त्यांच्या आग्रहावरून मीही सोबत गेलो. आयोजकांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे वर्णन केलेली रीत एका संस्थेपुरती नाही. इतर शहरांतल्या नातेवाइकांकडून ऐकलेली वर्णने इतकी सारखी आहेत की सगळ्यांनी एकाच ठिकाणी धडे घेतले असावेत असे वाटते.

नोंदणी करतानाच पती-पत्नी दोघांनी येणे बंधनकारक असल्याचे सांगितले जाते. वरवर पाहता हा कुटुंबाचा मान वाटतो. प्रत्यक्षात 'घरी विचारून सांगतो' ही आपल्या समाजातली नकाराची सर्वांत सोज्वळ वाट त्यामुळे दारातच बंद होते. आत गेल्यावर सुरुवात मालमत्तेने होत नाही, प्रश्नांनी होते. 'लवकर निवृत्त व्हायला कोणाकोणाला आवडेल?', 'मुलांना चांगले शिक्षण मिळावे असे कोणाला वाटते?' अशा, नाही म्हणणे शक्यच नसलेल्या प्रश्नांना हात वर करायला लावले जाते. मग उभे राहून टाळ्या, मोठ्या आवाजातले संगीत, शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचे अभिनंदन. तासाभराने सूर बदलतो. नोकरी करणारा, मुदतठेवीत पैसे ठेवणारा, भाड्याच्या घरात राहणारा माणूस कसा भित्रा आहे आणि आपल्याच मुलाबाळांचे कसे नुकसान करतो आहे, हे विनोदाच्या वेष्टनात सांगितले जाते. पगारातून काटकसर करून दोन मुलांची शिक्षणे पार पाडलेल्या शिक्षकाला स्वतःच्या ठेवपावत्यांची लाज वाटावी, इतके हे कसब पक्के असते.

त्यानंतर किंमत येते. पडद्यावर आधी तीन लाखांचा आकडा झळकतो, त्यावर काट मारून दीड लाखाचा, आणि शेवटी 'फक्त आज, फक्त पहिल्या वीस जणांसाठी' साठ हजारांच्या आतला. तीन लाखांना हा वर्ग कधी कोणी घेतला होता का, हे विचारायला कोणाला उसंत मिळत नाही, कारण त्याच क्षणी काही माणसे मागच्या टेबलांकडे लगबगीने जातात, व्यासपीठावरून त्यांची नावे पुकारली जातात आणि प्रत्येक नावाला टाळ्या पडतात. बसून राहिलेल्यांच्या शेजारी आयोजकांचा एकेक तरुण येऊन बसतो. 'काका, अडचण पैशाची आहे की विश्वासाची?' असा त्याचा पहिला प्रश्न असतो. पैशाची म्हटले तर हप्त्यांची सोय पुढे होते. विश्वासाची म्हटले तर तुमचा स्वतःवरच विश्वास नाही, असे निदान करून ते दुखणे तुमच्याच पदरात घातले जाते. 'मला कागद द्या, मी वाचून परवा सांगतो' या तिसऱ्या उत्तराची त्यांच्याकडे सोयच नसते. मी माहितीपत्रक मागितले. अर्ज भरल्याशिवाय ते देता येत नाही, असे मला सांगण्यात आले. ज्या सांगलीत हळदीच्या सौद्याला व्यापारी हळकुंड हातात घेऊन, मोडून, आतला रंग पाहून मगच बोली लावतो, त्याच गावात साठ हजारांची वस्तू न दाखवता विकली जाते याचे मला नवल वाटते.

आमच्या शेजाऱ्यांनी पैसे भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे विचार केल्यावर त्यांनी ते परत मागितले, तेव्हा अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक टाइपात छापलेल्या 'भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही' या ओळीकडे बोट दाखवण्यात आले. त्या ओळीखाली सही होती, हे खरेच आहे. ती सही चष्मा नीट करायलाही वेळ न देता, उभ्या उभ्या, टाळ्यांच्या गजरात घेतली होती, हे मात्र त्या कागदावर कुठेच लिहिलेले नाही.

पहिल्या पैशांनी प्रकरण संपत नाही. तीन दिवसांच्या वर्गात निम्मा वेळ त्यापुढच्या, काही लाखांच्या 'वैयक्तिक मार्गदर्शना'ची गरज पटवण्यात जातो. तिथे गृहपाठ म्हणून क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून घ्या, हातउसने देऊ शकतील अशा नातेवाइकांची यादी करा, असे सांगितले जाते. वाढवलेली मर्यादा गुंतवणुकीसाठी आहे असा समज करून दिला जातो. तिसऱ्या दिवशी ती पुढच्या वर्गाच्या शुल्कासाठी उपयोगी पडते. निरोपाच्या वेळी, उत्साह ओसरण्यापूर्वी, प्रत्येकाकडून कॅमेऱ्यासमोर दोन कौतुकाची वाक्ये बोलून घेतली जातात. ती पुढच्या जाहिरातीत वापरली जातात, आणि तोच माणूस पैसे परत मागू लागला की त्यालाच ती दाखवली जातात.

माझ्या जुन्या व्यवसायामुळे मला सर्वांत जास्त खटकले ते सभागृहातले कर्जाचे टेबल. आधार, पॅन, एक ओटीपी, आणि दहा-पंधरा मिनिटांत वर्गाच्या शुल्काचे कर्ज मंजूर. 'बिनव्याजी हप्ता' असे म्हटले, तरी धनको कंपनी कोणाला फुकट पैसे देत नाही. प्रक्रिया शुल्कात नाहीतर मूळ किमतीत ते व्याज आधीच मिसळलेले असते. रिझर्व्ह बँकेने मोबाइलवरून दिल्या जाणाऱ्या कर्जांसाठी २०२२ मध्ये नियम केले आणि २०२५ मध्ये ते एकत्र करून पुन्हा जारी केले. त्यांनुसार एकूण वार्षिक खर्चाचा दर दाखवणारे तथ्यपत्रक कर्जदाराला आधी दिले पाहिजे, आणि मुद्दल व तेवढ्या काळाचा खर्च भरून, दंड न देता कर्जातून बाहेर पडण्यासाठी किमान एक दिवसाची मुदत दिली पाहिजे. हा चांगला नियम आहे. पण इथे त्याचा उपयोग कसा व्हावा? कर्जाची रक्कम कर्जदाराच्या हाती न येता वर्गचालकाच्या खात्यात गेलेली असते. कर्जदाराला कर्ज मोडण्याचा हक्क आहे, वर्ग मोडण्याचा नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशी शहाणपण आले तर वर्गचालकाकडे अडकलेली रक्कम त्याने स्वतःच्या खिशातून भरून कर्ज मिटवायचे. नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झालेली, कुपवाड एमआयडीसीत काम करणारी मुले त्या टेबलापाशी रांगेत उभी होती. त्यांतल्या किती जणांना हा बारकावा समजावून सांगितला गेला असेल?

'सज्ञान माणसाने स्वतःचे पैसे स्वतःच्या सहीने दिले, यात तक्रार कसली?' असा प्रश्न आपले काही वाचक विचारतील. तो रास्त आहे, म्हणूनच विकली जाणारी वस्तू काय आहे तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. 'खिशातला एक रुपयाही न घालता घर' हे या वर्गांचे आवडते वाक्य आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के यापेक्षा जास्त देता येत नाही. अगदी लहान किमतीची घरे सोडली तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांचा त्या किमतीत समावेशही करता येत नाही. म्हणजे ४० लाखांच्या सदनिकेला बँक फार तर ३२ लाख देईल. वरचे ८ लाख आणि मुद्रांकाचे पैसे खरेदीदारानेच आणायचे. ते न आणता व्यवहार करायचा तर करारात किंमत फुगवून दाखवावी लागते किंवा बाहेरून घेतलेले कर्ज बँकेपासून लपवावे लागते. पहिली गोष्ट बँकेची फसवणूक आहे, आणि दुसरीत अर्जावर खोटी माहिती द्यावी लागते.

'भाड्यातून हप्ता निघतो' हे दुसरे वाक्य. त्याच ३२ लाखांच्या कर्जाचा साडेआठ टक्के दराने, २० वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे २७,८०० रुपये होतो. ४० लाखांच्या सदनिकेला विश्रामबागेत दरमहा १२ हजार भाडे आले असे धरले, तरी महिन्याला जवळजवळ १६ हजार रुपये पदरचे घालावे लागतील, आणि यात घरपट्टी, देखभाल आणि भाडेकरू नसलेले महिने धरलेलेच नाहीत. ही आकडेमोड पाचवीतल्या मुलाला येते. व्यासपीठावर ती करून दाखवली जात नाही, कारण ती दाखवल्यावर मागच्या टेबलाकडे कोणी धावणार नाही.

बँकांच्या लिलावातली मालमत्ता 'निम्म्या किमतीत' मिळवण्याचे गुपित हे तर खास आकर्षण. यात गुपित असे काहीच नाही. थकीत कर्जांच्या वसुलीसाठीच्या २००२ च्या सरफेसी कायद्याखालील लिलावाची सूचना बँकेला दोन वृत्तपत्रांत, त्यांतल्या एका स्थानिक भाषेतल्या, छापावीच लागते. सार्वजनिक बँकांचे लिलाव सरकारच्या 'बँकनेट' या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. सांगण्यासारखे जे असते ते पुढचे. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, अनामत धरून २५ टक्के रक्कम भरावी लागते, आणि उरलेली ७५ टक्के पंधरा दिवसांत. लेखी संमतीने ही मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या पुढे नाही. ती चुकली तर भरलेली २५ टक्के जप्त होते, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी जप्ती वैध ठरवली आहे. मालमत्ता 'जशी आहे, जिथे आहे' या तत्त्वावर मिळते; म्हणजे थकलेली घरपट्टी, सोसायटीची बाकी, विजेचे बिल आणि कित्येकदा आत राहणारा जुना मालक किंवा भाडेकरू यांच्यासह. ज्याच्याकडे पंधरा दिवसांत उभे करता येतील असे पैसे नाहीत त्याने या वाटेला जाऊ नये, हे पहिल्याच तासाला सांगणारा शिक्षक मला चालेल. पण नेमका असाच माणूस या वर्गांचा मुख्य ग्राहक आहे.

आपल्या भागात जागा घेताना जे विचारायला हवे त्याचा तर उच्चारही नव्हता. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. अशा शहरात निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा न दाखवता मालमत्तेचे प्रशिक्षण पूर्ण कसे होते? गुंठेवारीतला भूखंड नियमित झालेला आहे का, जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, आहे का, फेरफाराला कोणाची हरकत आहे का, हे प्रश्न नाहीत. शेतकरी नसलेल्या माणसाला कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हेही नाही. साठेखत म्हणजे खरेदीखत नव्हे आणि नुसत्या साठेखताने मालकी येत नाही, ही प्राथमिक गोष्टही बाजूला ठेवून 'साठेखतावर घ्या, खरेदीखताआधी विका' हा सल्ला मात्र उत्साहाने दिला जातो. सातबारा आणि फेरफार सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर, दस्तांची सूची क्रमांक दोन नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. एखाद्या जाणत्या वकिलाला टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासायला जी फी पडते, ती या वर्गांच्या शुल्काच्या जवळपासही जात नाही.

पुढचा धोका आणखी मोठा आहे. वर्ग संपता संपता 'आपल्या परिवारासाठी राखीव' प्रकल्प दाखवले जातात. कधी शिरवळ-खंडाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यातले भूखंड असतात, कधी पाचगणीकडची दुसरी घरे. खरेदीदार आणि विक्रेता यांची कोणत्याही माध्यमातून गाठ घालून देऊन मोबदला घेणारा माणूस स्थावर मालमत्ता व्यवहारांच्या नियमनासाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्यानुसार एजंट ठरतो आणि नोंदणीकृत प्रकल्पातील घर किंवा भूखंड विकून देण्यासाठी त्याला नोंदणी घ्यावीच लागते. महाराष्ट्रात तर एजंटांना महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाने ठरवलेले प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. प्रकल्पाच्या जाहिरातीवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड छापणे सक्तीचे आहे, आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. स्वतःला 'गुरू' म्हणवून घेणाऱ्याला यातले काहीच लागू नाही असा त्याचा आणि शिष्यांचाही समज असतो. शिष्यांकडून पैसे गोळा करून 'सामूहिक' जमीनखरेदी आणि ठरावीक परताव्याचे आश्वासन इथवर गोष्ट गेली, तर ती २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याच्या आणि राज्याच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. मोठ्या परताव्याचे आमिष दाखवणारे, इस्लामपूर परिसरातले कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण २०१९ मध्येच उघडकीस आले. आपल्या जिल्ह्याला याहून जवळचा दाखला नको.

सगळ्यात विचित्र वाटते ते हे की या व्यवसायाच्या आजूबाजूच्या प्रत्येक खोलीत कायदा पोहोचला आहे. घर विकून देणाऱ्या एजंटाला परीक्षा आहे, पण घर विकत घ्यायला शिकवणाऱ्याला काहीच नाही. शेअर बाजाराचे शिक्षण देणाऱ्यांना सेबी या नियामक संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले की शिकवताना किमान तीन महिने जुन्याच किमती वापरा आणि शिक्षणाच्या नावाखाली सल्ला देऊ नका. जमिनीचे शिक्षण देणाऱ्यांना असे सांगणारे कोणी नाही. आयुर्विमा पॉलिसी कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. थेट विक्रीच्या, म्हणजे साखळीतून माल विकणाऱ्या कंपन्यांना २०२१ च्या नियमांनी विक्रेत्याला विचार बदलण्याची मुदत देणे भाग पाडले. आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी संकेतस्थळांवरच्या फसव्या रचनांबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत तेरा प्रकार नोंदवले आहेत. 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई आणि नकार देणाऱ्याला लाजवणे हे दोन्ही त्यांत आहेत. म्हणजे पडद्यावरच्या एका बटणाने मला लाजवले तर तो गैरप्रकार, आणि तीनशे माणसांसमोर माइकवरून लाजवले तर ते प्रेरणादायी व्याख्यान.

याच प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल तत्त्वे जाहीर केली. जागा भरत आल्याची खोटी घाई आणि विद्यार्थ्यांच्या लेखी संमतीशिवाय त्यांची छायाचित्रे व प्रशस्तिपत्रे वापरणे त्यांत निषिद्ध आहे. मार्गदर्शन आणि तत्सम उपक्रम त्यांच्या व्याख्येत येतात, त्यामुळे हॉटेलात भरणारे मालमत्ता-वर्गही त्यांत बसतात असे माझे मत आहे. परंतु लोकांच्या मनात ती तत्त्वे स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसपुरती आहेत, आणि वर्गचालकही तेच सांगतील. प्राधिकरणाने एका परिपत्रकाने हा संशय दूर करावा.

ही विद्या आपल्या मातीतली नाही. अमेरिकेत 'ट्रम्प युनिव्हर्सिटी' या नावाने चाललेल्या मालमत्ता-वर्गांची रचना अशीच होती: आधी मोफत सत्र, मग १,४९५ डॉलरचा तीन दिवसांचा वर्ग, आणि त्यात पुढच्या, ३४,९९५ डॉलरपर्यंतच्या मार्गदर्शनाची विक्री. कार्डाची मर्यादा वाढवून घ्यायला लावल्याच्या तक्रारी तिथेही होत्या, आणि समाधानी विद्यार्थ्यांनी भरून दिलेले अभिप्राय तिथेही बचावासाठी पुढे करण्यात आले. नोव्हेंबर २०१६ मध्ये, दोष मान्य न करता, अडीच कोटी डॉलर देऊन ते दावे मिटवण्यात आले. तेव्हा तिच्या संस्थापकांची राष्ट्राध्यक्षपदी निवड झालेली होती, यावरून मोठ्या नावाची हमी किती उपयोगाची असते हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र त्याच देशात हॉटेल किंवा भाड्याच्या सभागृहासारख्या तात्पुरत्या ठिकाणी १३० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची विक्री झाली, तर ग्राहकाला तीन कामकाजाच्या दिवसांत ती रद्द करता येते. ब्रिटनमध्ये २०१३ च्या नियमांनी व्यापाऱ्याच्या नेहमीच्या जागेबाहेर झालेल्या करारांना १४ दिवसांची मुदत दिली आहे. आपल्याकडे ही पद्धत आली, तिच्यावरचा हा तोडगा आला नाही.

आजच्या कायद्यात फसलेल्या माणसाला काहीच वाट नाही असे मात्र नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, सेवेपोटी भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, तीही स्वतः राहतो त्या जिल्ह्यात, तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत आहे. 'वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात' या छापील ओळीला घाबरण्याचे कारण नाही. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. परंतु दोन अडचणी ओळखून असावे. पहिली अशी की समोरचा वकील हमखास म्हणेल, ही सेवा नफ्यासाठी, व्यापारी हेतूने घेतली, म्हणून तुम्ही ग्राहकच नव्हे. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा वापर व्यापारी हेतूत मोडत नाही असे कायदाच म्हणतो, पण त्या ओळीत सेवांचा उल्लेख नाही, त्यामुळे हा मुद्दा लढवावा लागतो. दुसरी अडचण पुराव्याची. छायाचित्रण बंद, तोंडी आश्वासने, आणि पावतीवर वर्गाच्या झगमगत्या नावाऐवजी भलत्याच संस्थेचे नाव. अशा शिकवणीवर १८ टक्के जीएसटी लागतो; निदान जीएसटी क्रमांकासह बिल हातात पडेपर्यंत कोणी पैसे देऊ नयेत, आणि दिलेच तर रोख देऊ नयेत.

मागणी एकच आहे आणि ती फार मोठी नाही. संस्थेच्या कायमच्या जागेबाहेर, सभागृहात किंवा हॉटेलात, पाच हजारांहून अधिक शुल्काच्या कोणत्याही गुंतवणूक-प्रशिक्षणाची विक्री झाली तर ती सात दिवसांत कारण न देता रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला असावा, त्या सात दिवसांत वर्गचालकाने रक्कम वापरू नये, आणि त्याच जागी शुल्कासाठी कर्ज देण्यास पूर्ण मनाई असावी. ज्यांचा वर्ग खरोखर उपयुक्त आहे त्यांचा यात तोटा होत नाही, कारण त्यांचा विद्यार्थी सात दिवसांनंतरही येईलच. केंद्राने नियम करेपर्यंत जिल्हा प्रशासनाला आणि ग्राहक चळवळीतल्या कार्यकर्त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. असा एखादा कार्यक्रम शांतपणे मागच्या रांगेत बसून पाहिला आणि जे दिसेल ते प्राधिकरणाला कळवले, तरी पुष्कळ झाले. हॉटेले आणि मंगल कार्यालये यांनी भाडे घेताना आयोजकाचा कायमचा पत्ता आणि जीएसटी क्रमांक नोंदवून ठेवावा, कारण महिन्याभराने विचारायला गेलेल्या माणसाला तिथे फक्त पुढच्या लग्नाचा मांडव दिसतो. ऊसबिलाचे, महामार्गात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे, निवृत्तीच्या फंडाचे आणि परराज्यात गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचे काम, करणाऱ्या विटा-खानापूरच्या कुटुंबांनी गावाकडे पाठवलेले पैसे या दोन जिल्ह्यांत आहेत, हे या मंडळींना आपल्या प्रशासनापेक्षा आधी कळलेले दिसते.

आपल्याला एक विनंती आहे, महोदय. अशा शिबिराची जाहिरात स्वीकारताना मोफत सत्रानंतर विकल्या जाणाऱ्या वर्गाचे संपूर्ण शुल्क, ते परत मिळण्याच्या अटी, आणि बिलावर येणारे संस्थेचे नोंदणीकृत नाव व पत्ता या तीन गोष्टी जाहिरातीत मुख्य मजकुराइतक्याच ठळक अक्षरांत छापण्याची अट आपण घालावी. यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही, आणि पुढच्या रविवारच्या पुरवणीपासून हे सुरू करता येईल.

कळावे,
आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
विश्रामबाग, सांगली